फमाऊचं रिकामं ताट

"खमीर किती घालायचं तेवढं सांग, तातू. बाकीचं माझं मी बघतो."

"कशात घालायचं?"

"पिठात. आनि कशात घालत्यात?"

"मझे, वाळूत बसून बसून डोस्कं तापलंय तुमचं. उद्या न्हाई तर परवा चंद्र दिसंल. मी मांदाझी तळणारच हाय. तुमच्या वाटणीची धाडीन की पानातनं."

"पानातनं नको."

"मग कशातनं, चांदीच्या थाळीतनं?"

"मला खायाची न्हाईत, मला धाडायचीत. माझ्या घरातनं, तुझ्या घरी. ताटातनं."

शेजारीण बी तातू सुपातले तुरीचे दाणे निवडत होती; आमच्याकडं वडीलधाऱ्या पुरुषाला मझे म्हणतात, बाईला बी. तिचा हात थांबला. तिनं फमाऊकडं पाहिलं, त्याच्या मागं गल्लीपलीकडच्या त्याच्या बंद दाराकडं पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून दाणे निवडायला लागली.

"चिमूटभर," ती म्हणाली. "दोन शेर मैद्याला चार बोटांची चिमूट. नारळाचं दूध कोमट पायजे, कढत न्हाई. आनि मळायचं. हात गळून पडंस्तवर मळायचं."

"मळायचं मला सांगू नगंस," म्हातारा म्हणाला आणि वळला.

फमाऊ हा आमच्या मिकोकोनी गावच्या किनाऱ्यावरचा कलाफती. मचव्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत मुशीच्या तेलात भिजवलेला कापूस घालायचा, पटाशी लावून मोगरीनं ठोकायचा, असा ठोकायचा की समुद्रानं कितीही मुसंडी मारली तरी आत थेंब येऊ नये. एक्कावन्न वर्षं तो हेच करत आलाय. त्यानं फट बुजवलेला मचवा बुडाला असं आमच्याकडं कुणी सांगितलं तर लोक सांगणाऱ्याचंच तोंड बघतील.

मुशीचं तेल ज्यानं जन्मात हुंगलेलं नाही त्याला तो वास सांगून कळायचा नाही. त्या शार्क माशाचं काळीज काढून डब्यात घालून उन्हात कुजवायचं, आणि वर जे तेल येईल ते लाकडाला चोपडायचं. लाकडाला त्यासारखं दुसरं औषध नाही. माणसाचं म्हणाल, तर नाक असलेला माणूस वीस पावलांवरून रस्ता बदलतो. फमाऊपुरता मात्र तो वास कधीच मेला होता. तरुणपणीच त्याचं नाक त्या तेलाला सरावलं आणि मग दुसऱ्या कशाचाही वास घ्यायला तयार होईना. जास्वंद आणि गटार त्याच्या लेखी सारखीच.

म्हणून रुकियानं, त्याच्या बायकोनं, उंबऱ्यापाशी एक मडकं ठेवलं होतं. शेजारी राख आणि चिरलेली लिंबं. "आधी हात, मग घर," असा तिचा कायदा. फमाऊ राखेनं हात घासायचा, लिंबानं चोळायचा आणि लहान पोरासारखे दोन्ही पंजे पुढं करायचा. रुकिया एकेक बोट हुंगायची.

"अजून."

तो पुन्हा घासायचा.

"अजून येतोय. ह्या अंगठ्यात मुशी मरून पडलीय काय?"

तिसऱ्या वेळेला आत जायला मिळायचं. आम्ही शेजारी हे चाळीस वर्षं ऐकत आलो. फमाऊला वाटायचं, बाईला खोडी काढायची सवय आहे. मूलबाळ झालं नाही, मग कुणाला तरी दटावायला पाहिजेच की.

गेल्या लहान, म्हणजे रोज्यांच्या ईदनंतर महिनाभरात ती गेली. चार दिवसांचा ताप, बस. मडकं उंबऱ्यापाशीच राहिलं. फमाऊ संध्याकाळी येऊन हात बुडवायचा, झटकायचा आणि आत जायचा. पुढं करून दाखवायला समोर कोण होतं?

आता ताटाचं सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याला मांदाझीचं खूळ का लागलं ते कळंल. ईदच्या सकाळी आमच्या गल्लीत घराघरांतून मांदाझीचं ताट शेजारी जातं. वेलदोडा घातलेली, नारळाच्या दुधात मळलेली, तेलात टाकली की टम्म फुगणारी. ताट घेणाऱ्यानं ते रिकामं परत करायचं नसतं. शेवया म्हणा, खजूर म्हणा, काही ना काही घालून तेच ताट संध्याकाळच्या आत माघारी. ज्या घरातून ताट निघतं ते घर गल्लीत धरलं जातं. जी घरं उलटं काही देऊ शकत नाहीत, एकटी बाई, पांगळं माणूस, त्यांना केळीच्या पानात बांधून देतात. पान परत करावं लागत नाही. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून ही रीत. चांगलीच रीत आहे, देणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर.

रुकिया गेल्यावरच्या मोठ्या ईदला फमाऊच्या दारात सात पुडकी आली. सातही पानातली.

त्यानं ती ओळीनं चटईवर मांडली आणि बघत बसला. रुकियाचं निळ्या काठाचं टवके उडालेलं ताट भिंतीला टांगलेलं होतं. त्या दिवशी ते खिळ्यावरून उतरलं नाही. आपण ह्या गल्लीत मोजायचे राहिलो, हे त्याला सात पानांनी सांगितलं. ते त्याच्या मनात रुतून बसलं आणि तेव्हापासून तसंच राहिलं.

बी तातूकडून खमीर विचारून आला त्याच दुपारी त्यानं माळ्यावरची काथवट काढली. आंब्याच्या लाकडाची, रुकियाच्या आईची. फुंकर मारून धूळ उडवली, पाणी ओतलं, आणि पाणी पायावर आलं. अकरा महिने सुकून काथवट तळाला उभी तडकली होती. करंगळीचं नख जाईल एवढी फट.

दुसरा कुणी असता तर बी तातूकडं जाऊन तिची काथवट मागून आणली असती. फमाऊनं फट बघितली आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. फट म्हणजे त्याच्या घरचीच गोष्ट. त्यानं कामाची पिशवी ओढली, त्यातली कापसाची वात काढली, पटाशी घेतली, मोगरी घेतली आणि उंबऱ्यावर बसून ठोकायला लागला. ठक, ठक, ठक. वीतभर फटीला त्यानं मचव्याइतका जीव लावला. मग पाणी ओतून नमाजाला गेला. परत आला तरी थेंब गळला नव्हता.

वात अर्थातच मुशीच्या तेलात मुरलेली होती. वर्षानुवर्षं त्याच्या पिशवीत कोरडा कापूस असा कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोंबोनं त्याला छेडलं. कोंबो त्याचा जोडीदार, मचव्याच्या ह्या अंगाला फमाऊ तर त्या अंगाला कोंबो.

"ऐकतोय ते खरं हाय व्हय? तू मांदाझी करणार?"

"करणार."

"दाढी पिठात गेली तर ईदला केस खायाचे का आम्ही?"

"तुला कोण देतंय?"

"आरं, बायकांचं काम हाय ते."

"मळायचं, फटी ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत, तेलात सोडायचं. सांग मला, ह्यात बायकांचं काय हाय? आपण रोज आनि काय करतो?"

कोंबो मोगरी उचलून आपल्या अंगाला गेला. रोज्याच्या दुपारी तोंडाला कोरड पडलेली असते, वाद लांबवायला थुंकी लागते.

त्या संध्याकाळी चंद्र दिसला. मशिदीच्या गच्चीवरून पोरं ओरडली, गल्लीत दारं वाजली, आणि घराघरांतून नारळ फोडायचा आवाज सुरू झाला. फमाऊ खवणीवर बसला. दोन नारळ खवताना त्यानं बोटांची सालं काढली. कीस झावळीच्या पातीच्या विणलेल्या पिशवीत भरून पिळला, तेव्हा मात्र पिळा असा बसला की कोरडा भुगा उरला. वेलदोडे कुटले. खमीर चार बोटांच्या चिमटीनं घातलं, आपली बोटं जाड म्हणून थोडं परत काढलं. आणि काथवटीपुढं गुडघे टेकून मळायला लागला.

मळण्यात त्याला तोड नव्हती, हे म्हणावंच लागंल. पीठ त्याच्या तळव्याखाली कण्हत होतं. मधेच त्यानं सवयीनं विचारलं, "बग गं, एवढं पुरं का?" विचारून झाल्यावर आपणच म्हणाला, "अजून," आणि पुन्हा मळायला लागला. पीठ ओल्या फडक्याखाली झाकलं, काथवटीतच.

सकाळी फडकं उचललं तर पीठ काठाला आलेलं. आमच्या बायका त्याचे गोल लाटून चार तुकडे करतात. फमाऊला गोल जमेना. त्यानं जाड पोळी लाटली आणि कामाच्या सुरीनं फळी कापल्यासारखे तिरपे तुकडे पाडले. असली मांदाझी गल्लीत कुणी बघितली नव्हती. पण तुकडे तेलात पडले आणि फुगले! एकेक करून वर आले, पालथे झाले, तांबूस झाले. म्हातारा झाऱ्या धरून वाकून बघत होता. एक फुगला की मान हलवायचा, जसा मचवा पाण्यात उतरून तरंगला की हलवतो.

पहिलं मांदाझी रुकिया त्याच्या हातावर ठेवायची, "सांग कसं झालंय." त्यानं पहिलं आपल्याच डाव्या हातावर ठेवलं आणि उजव्या हातानं खाल्लं. गोड लागलं, मऊ लागलं. वासाचं विचारायला त्याला नाक नव्हतं.

निळ्या काठाचं ताट खिळ्यावरून उतरलं. बारा मांदाझी, वर फडकं. इतरांची ताटं पोरींच्या हातून जातात. फमाऊ स्वतःच ताट घेऊन गल्ली ओलांडून गेला, नव्या पांढऱ्या झग्यात, ताट छातीपाशी धरून.

"ईद मुबारक, तातू. घे."

बी तातूनं फडकं उचललं. मी तेव्हा समोरच्या ओट्यावर चपला घालत होतो, तिचा चेहरा मला दिसला. नाकपुड्या आत गेल्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं. फमाऊला ते पाणी रुकियासाठी आलंय असं वाटलं. थोडं असेलही.

"वेलदोडा जास्त झाला का गं?"

"न्हाई न्हाई, मझे. फार गोजिरी झालीत."

"फुगलीत न्हवं?"

"फुगलीत की. ही एवढाली पोटं."

दुपारी ताट परत आलं ते इतकं भरून की फडकं टेकेना. गोड शेवया, कोंबडीचा पुलाव, खजूर, नारळाच्या रसातली तूर, वर दोन उकडलेली अंडी. बारा मांदाझींना एवढं कुणी देत नाही. फमाऊला वाटलं, आपल्या हाताची किंमत झाली. दोन दिवस तो गल्लीतून खोकत, मान वर करून हिंडला. कोंबोला म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, मळायचं कसं ते शिकून जा म्हणावं."

तिसऱ्या दिवशी तो कामावर निघाला. किनाऱ्याकडं जाणारी वाट बी तातूच्या परसामागून, उकिरड्यावरून जाते. तिथं कुणाचं तरी गाढव तोंड घालून उभं होतं. आमची गाढवं पुठ्ठा खातात, जुनी चटई खातात, एकानं एकदा निवडणुकीचं फडकं खाल्लं होतं. ह्या गाढवानं कशाला तरी नाक लावलं, फुर्र केलं आणि मागं सरकलं.

फमाऊनं बघितलं. तिरप्या फळीसारखे तुकडे. दुसऱ्या कुणाचे असायचा प्रश्नच नव्हता. त्यानं मोजले. बाराच्या बारा, आणि एकाला दाताची खूण. तेवढी एकानं हिंमत केली होती.

तो तिथनं तसाच घरी आला. काथवट उचलली, नाकाला लावली. काही नाही. पालथी केली, तळ हुंगला. काही नाही. मग ती काखेत मारून किनाऱ्यावर गेला आणि कोंबोच्या तोंडापुढं धरली.

"हुंग."

"काय?"

"हुंग म्हणतो ना."

कोंबोनं नाक आत घातलं आणि हसत वाळूत बसला. "आरं माझ्या देवा! मुशीच्या तेलाची वात ठोकलीस व्हय रं ह्यात? म्हाताऱ्या, ही काथवट समुद्रात सोड, उभा मासा ऊर फोडून मरंल!"

फमाऊ हसला नाही. "ती मांदाझी तातूनं टाकली. आनि मला म्हणाली, गोजिरी झालीत."

कोंबोचं हसू ओसरलं. "मग काय म्हणावं तिनं? तुझी बायको गेलेली, तू एकटा..."

"माझ्या अंगाला येतो का?"

"काय?"

"वास. माझ्या अंगाला, हातांना. खरं सांग."

कोंबोनं समुद्राकडं तोंड केलं. "येतो. वर्षभर येतोय. मशिदीत तुझ्या बाजूची जागा कोण धरतं बगितलंस का कधी? मी धरतो. माझ्याबी अंगाला तोच वास, म्हणून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मी कशाला सांगू? ते रुकिया सांगायची."

फमाऊ काथवट मांडीवर घेऊन बसला. भरती ओसरत होती, मचव्याचं पोट उघडं पडत होतं. आपण वर्षभर लोकांत असे वावरलो, आणि अख्ख्या गावात 'अजून' म्हणणारं एक माणूस नव्हतं. सगळे गोड बोलत होते. गोड बोलून बाजूला सरकत होते. पानात बांधून देण्याचीच ही दुसरी तऱ्हा. निळं ताट भरून आलं होतं खरं, पण आलं होतं ते पानच.

तो उठला. घरी जाऊन ताट घेतलं आणि बी तातूच्या दारात उभा राहिला. ती नळ्यानं चूल फुंकत होती.

"तातू, हे ताट मला रिकामं दे."

"रिकामंच तर हाय तुमच्या हातात."

"तू भरून दिलंस. चुकीचं दिलंस. माझी मांदाझी गाढवानंबी खाल्ली न्हाईत. मी बघितली उकिरड्यावर."

बी तातूनं नळा खाली ठेवला. तोंडावर पदर घेतला, मग काढला. "मग काय करायचं हुतं मी? सणाच्या दिवशी तुमच्या तोंडावर..."

"रुकियानं काय केलं हुतं? तुझी मांदाझी करपली हुती त्या साली?"

हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पंधरा वर्षांपूर्वी तातूची मांदाझी करपली, तर रुकियानं तिचं ताट तसंच रिकामं परत धाडलं होतं आणि निरोप दिला होता, हे मोजायचं नाही, दुसरी कर. चार दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी तातूनं दुसरी केली, आणि त्यानंतर दोघींचं सूत असं जमलं की विचारू नका.

"तिनं मला शिव्या दिल्या हुत्या वर," बी तातू म्हणाली.

"मग तू बी दे."

 बी तातू उठली, त्याच्या हातातलं ताट घेतलं, आत गेली, घासून पुसून कोरडं करून आणलं आणि उंबऱ्यावर उभी राहून गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलली,

"घ्या हे तुमचं रिकामं ताट! मांदाझी म्हणून मुशी चारताय व्हय शेजाऱ्याला? तीन दिवस झाले, माझं घर अजून बंदरावानी घाण मारतंय! माझ्या ल्योकानं एक घास खाल्ला आनि ईदच्या दिवशी विहिरीवर जाऊन बसला! मोठ्या ईदला दुसरी आणा. आनि पुन्यांदा वास आला तर हेच ताट डोक्यात घालीन, सांगून ठेवते!"

दोनतीन दारांतून डोकी बाहेर आली. फमाऊनं ताट घेतलं. "त्या शेवया, पुलाव मी खाऊन बसलोय."

"ते आता पोटातनं काढून देनार हाय का? जावा तिकडं."

तो रिकामं ताट काखेत न लपवता, समोर दोन्ही हातांत धरून गल्लीतून गेला. सगळ्यांनी बघितलं. घरी जाऊन त्यानं ते खिळ्यावर टांगलं. उंबऱ्यापाशी मडक्यातलं पाणी हिरवं झालं होतं, ते ओतलं, नवं भरलं. लिंबं चिरली, राखेनं तीनदा हात घासले आणि दोन्ही पंजे पुढं करून दारात उभा राहिला. घरात कुणी नव्हतं. चुलीपाशी ऊन पडलं होतं. थोड्या वेळानं त्यानं हात खाली घेतले.

परत किनाऱ्यावर आला तेव्हा आकडीनं काथवटीतली वात ओढून काढली आणि विस्तवात टाकली. मग काथवट गुडघाभर पाण्यात नेली, तीत दोन धोंडे ठेवले आणि बुडवली.

कोंबो म्हणाला, "आता काय तिला पोहायला शिकवतोस?"

"भिजली की लाकूड फुगतं. फट आपोआप मिटती. नुसतं पाणी पायजे हुतं तिला." तो पाण्यातल्या काथवटीकडं बघत होता. "एक्कावन्न वर्षं मचवे ह्याच पाण्यात मिटत बघितले, आनि घरातल्या काथवटीला ठोकत बसलो."

"कुठं म्हनून ध्यानात ठेवायचं मानसानं?"

"कोंब्या, उद्यापासनं रोज घरी जाताना माझे हात हुंगायचे. आला वास तर सांगायचं."

"मी काय तुझी बायको हाय व्हय रं?"

"न्हाईस. तिला नाक हुतं. तुझं बी अर्धं गेलंय, पन तेवढं चालंल."

कोंबो हसला. फमाऊ मचव्याच्या आपल्या अंगाला गेला, मांडी घालून बसला, पिशवीतनं वात काढली आणि फटीला लावली. वर पटाशी टेकवली. ओहोटी बरीच मागं गेली होती आणि भरतीच्या आत तळाच्या चार फळ्या व्हायला पाहिजे होत्या. त्यानं मोगरी उचलली.